मुरुमांवरची रेटिनॉइड क्रीम: बेळगावच्या औषध दुकानात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागातले लोक मुरुमांच्या क्रीमबद्दल जे विचारतात ते इथं एका जागी लिहून काढलंय. मी फार्मासिस्ट आहे, त्वचेचा डॉक्टर नव्हे. तपासून औषध ठरवणं हे डॉक्टरांचं काम. ठरलेलं औषध लावताना कुठं गडबड होते, हे मात्र काउंटरच्या या बाजूला आम्हाला रोज दिसतं.

रेटिनॉइड म्हणजे नेमकी कुठली क्रीम?

अ जीवनसत्त्वापासून बनवलेल्या औषधांचं हे घराणं. मुरुमांसाठी आपल्याकडे मुख्यतः दोन चालतात: अ‍ॅडापालीन (०.१ टक्का, क्वचित ०.३) आणि ट्रेटिनॉइन (०.०२५, ०.०५ आणि ०.१ टक्का). टॅझारोटीन नावाचं तिसरं जरा जहाल आहे, ते कमी लिहून दिलं जातं. ट्यूबवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. औषधाचं खरं नाव त्याच्या खाली बारीक अक्षरात असतं आणि वाचायचं तेच. ‘निळ्या झाकणाची द्या’ असं सांगून औषध मागू नका, निळ्या झाकणाच्या दहा ट्यूब असतात.

औषध नवीन नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अल्बर्ट क्लिगमन यांनी ट्रेटिनॉइनवर काम केलं आणि १९७१ साली तिथं मुरुमांसाठी त्याला मान्यता मिळाली. अ‍ॅडापालीन तिथं १९९६ मध्ये आलं, आणि २०१६ पासून त्याचं ०.१ टक्क्याचं जेल तिथं चिठ्ठीशिवाय मिळतं. नेटवर परदेशी मुली ते दुकानातून सरळ उचलताना दिसतात ते यामुळे. आपल्याकडे ट्यूबवर ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये’ असं छापलेलं असतं, तेव्हा चिठ्ठी मागितली म्हणून रागावू नका.

मुरूम आला की त्याच्यावर टिपका लावायचा, एवढंच ना?

नाही. निम्मी फसगत इथंच होते.

मुरूम वर दिसायच्या कितीतरी आठवडे आधी आत सुरू झालेला असतो. केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रात मेलेल्या पेशी चिकटून बसतात, मागून तेल येत राहतं आणि मोरीचं तोंड तुंबावं तसं ते तुंबतं. वरून काहीच दिसत नाही. पुढे तिथं जंतू वाढतात, सूज येते आणि मग आपण आरशात बघून म्हणतो, ‘काल रात्री आला.’ रेटिनॉइड या पेशींना चिकटून बसू देत नाही, छिद्र मोकळं ठेवतं आणि थोडी सूजही कमी करतं. म्हणजे ते पुढच्या महिन्यात येणाऱ्या मुरुमांवर काम करतं. आज नाकावर बसलेला फोड त्यानं रात्रीत सुकणार नाही.

म्हणून ही क्रीम मुरूम जिथं जिथं येतात त्या सगळ्या भागाला लावायची. कपाळावर येत असतील तर पूर्ण कपाळ, गालांवर येत असतील तर दोन्ही गाल, तिथं आज फोड असो वा नसो.

किती लावायची आणि कधी?

रात्री, झोपायच्या आधी. सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा, टॉवेलनं टिपून घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. ओल्या कातडीवर लावली तर जास्त झोंबते. मग वाटाण्याएवढी क्रीम बोटावर घ्या. वाटाणा म्हणजे वाटाणाच, ब्रशवर पेस्ट घेतो तशी पट्टी नव्हे. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि हलक्या हातानं पसरा. पांढरा थर दिसत राहिला तर जास्त झाली समजा.

डोळ्यांभोवती, नाकपुडीच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यात लावू नका. क्रीम पसरून तिथं जाते आणि चिरा पडतात, त्यामुळे आधीच तिथं थोडी पेट्रोलियम जेली लावून ठेवा.

वाटाण्याएवढ्या हिशेबानं १५ ग्रॅमची ट्यूब साधारण दोन महिने जाते. पंधरा दिवसांत रिकामी ट्यूब घेऊन कोणी ‘चेहरा जळाला हो’ म्हणत आलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

रोज लावायची का?

शेवटी रोज, पण सुरुवातीला नाही. पहिले दोन आठवडे दोन रात्री सोडून तिसऱ्या रात्री. नंतर एक रात्र आड. कातडीनं ऐकलं तर महिन्या-दीड महिन्यानं रोज. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच चालवा.

कातडी नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, वर क्रीम आणि पुन्हा मॉइश्चरायझर असंही करतात. गुण थोडा सावकाश येतो, पण माणूस औषध सोडत नाही आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं. दुसरी सोय म्हणजे अर्धा-एक तास लावून धुऊन टाकायची आणि हळूहळू वेळ वाढवत न्यायची.

लावल्यावर कातडी सोलते, लाल होते. ‘गरम पडली’ म्हणून बंद करू?

थोडं सोलणं, ताणल्यासारखं वाटणं, फेसवॉश झोंबणं हे पहिल्या दोन-चार आठवड्यांत बहुतेकांना होतं. औषध उष्ण असण्याशी त्याचा संबंध नाही आणि ती अ‍ॅलर्जीही नव्हे. दोन-तीन रात्री सुट्टी द्या, मॉइश्चरायझर भरपूर लावा आणि मग अंतर वाढवून पुन्हा सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या कोरड्या थंडीत ओठ-गाल तसेही उलतात. त्या दिवसांत सुरू करणाऱ्यांनी तर आणखी सावकाश घ्यावं.

चेहरा सुजला, पाणी सुटायला लागलं, पापण्या फुगल्या किंवा अंगभर खाज उठली तर मात्र क्रीम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि एक. सोलतंय म्हणून वरून लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा असलं काही लावू नका. आजीनं सांगितलं असलं तरी नको. हळद-सायीचा लेपही थोडे दिवस राहू दे.

सुरू केल्यापासून मुरूम वाढलेत. खोटं औषध दिलं का?

आत दडलेले लवकर वर येतात, म्हणून पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत काहींचा चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. सगळ्यांचं असं होत नाही. नेहमीच्याच जागी छोटे छोटे येत असतील आणि लवकर बसत असतील तर धीर धरा. जिथं कधीच येत नव्हते तिथं यायला लागले, किंवा मोठ्या, दुखणाऱ्या गाठी उठल्या, तर थांबून विचारा.

फरक कधी दिसतो?

खरा अंदाज बाराव्या आठवड्याला. त्याच्या आधी ‘गुण नाही’ म्हणून ट्यूब बदलत बसू नका. पहिल्या दिवशी खिडकीच्या उजेडात एक फोटो काढून ठेवा आणि मग महिन्यानं एक. रोज आरशात बघून काही कळत नाही, उगीच जीव खालीवर होतो.

मुरूम थांबल्यावरही क्रीम लगेच सोडत नाहीत. आठवड्यातून काही रात्री लावत राहिलं तर नवे तुंबत नाहीत. मागे राहणारे काळे डागही आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर महिनोन्‌महिने टिकतात, त्यांनाही याच क्रीमनं हळूहळू उतार पडतो. खड्डे मात्र क्रीमनं भरत नाहीत, त्याला दवाखान्यातले वेगळे उपचार असतात.

मुलीचं लग्न दीड महिन्यावर आलंय. आत्ता सुरू करू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सोलणं आणि मुरूम वर येणं नेमकं हळदीच्या दिवशी गाठेल, त्यात सोललेल्या गालावर हळद चोळली जाईल, वर मेकअपचे थर. लग्न ठरलं की चार-सहा महिने आधी सुरू करायची गोष्ट आहे ही. वेळ कमी असेल तर इतर उपाय आहेत, ते डॉक्टर बघून ठरवतात. पार्लरवाल्या ताईंवर सोडू नका.

गल्लीतल्या एकीला आठ दिवसांत गोरा, स्वच्छ चेहरा झाला. तीच क्रीम द्या की!

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

आठ दिवसांत मुरूम बसले आणि चेहरा उजळला असेल तर त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. बाजारात तीन औषधांची मिळून एक क्रीम येते: हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध), ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. हा मेळ मूळचा क्लिगमन यांचाच, १९७५ सालचा, आणि तो काळे डाग उतरवण्यासाठी होता. आजही वांगासाठी डॉक्टर ती मोजके आठवडे, नजरेखाली देतात. गोंधळ असा की तिच्यात ट्रेटिनॉइन असतंच. त्यामुळे ‘ही पण तीच, वर गोरेपणाही येतो’ असं कोणीतरी सांगतं आणि लोक ती सहा-सहा महिने मुरुमांवर आणि गोरेपणासाठी लावत बसतात.

स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून सुरुवातीला चेहरा छान दिसतो. पुढे कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरांची जाळी दिसू लागते, उन्हात गेलं की आग होते, बायकांच्या गालांवर लव वाढते आणि बारीक, एकसारखे मुरूम भरभरून येतात. बंद केलं की दोन दिवसांत चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. हा फेरा इतका पसरला की त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेनं त्याविरुद्ध मोहीम काढली, आणि २०१८ मध्ये सरकारनं अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरी विक्री थांबलेली नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांचाही यात वाटा आहे, ते झाकून उपयोग नाही.

ओळखायचं कसं? बारीक अक्षरात बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं एखादं नाव आहे का बघा. नावात ‘सोन’, ‘टासोल’ किंवा ‘नोलोन’ दिसलं की सावध व्हा. (केटोकोनॅझोलचा यात संबंध नाही, ते बुरशीचं औषध.) असली क्रीम महिनोन्‌महिने लावली असेल तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करून त्या जागी रेटिनॉइड सुरू करू नका. त्या पातळ कातडीला ते सोसत नाही. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

दिवसभर शेतात असते. उन्हात ही क्रीम चालते का?

कडोली-कंग्राळीकडच्या भाजीच्या शिवारात राबणाऱ्या बायका असोत की अथणीकडच्या उसात, प्रश्न तोच. क्रीम रात्री लावायची आणि सकाळी तोंड धुवायचं. पण या औषधानं कातडीचा वरचा थर सुरुवातीला नाजूक होतो आणि ऊन लवकर लागतं. त्यामुळे एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, आणि त्याहून खात्रीचं म्हणजे डोक्यावरून पदर किंवा रुंद काठाची टोपी. घाम येणाऱ्या कामात सनस्क्रीन दोन तासांत धुऊन जातं आणि बांधावर कोणी आरसा घेऊन बसत नाही, म्हणून कापडावर माझा जास्त भरवसा आहे. अशांना डॉक्टर बऱ्याचदा ट्रेटिनॉइनपेक्षा अ‍ॅडापालीन देतात, ते कमी झोंबतं. एप्रिल-मे सोडून सुरू केलेलं बरं.

पावसाळ्यात सनस्क्रीन लागतच नाही असं नाही. खानापूर-जांबोटीकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही हे खरं, पण ढगांतूनही काही किरण येतात आणि डाग काळे करायला तेवढे पुरतात. त्या दमट हवेत कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारखे, खाजणारे बारीक दाणे उठले तर ते बुरशीचे असू शकतात. त्याला औषध वेगळं, रेटिनॉइड लावून वाट बघू नका.

दिवस गेलेत, किंवा जायचं ठरवतोय. चालेल?

नाही. रेटिनॉइड क्रीम गरोदरपणात वापरत नाहीत आणि टॅझारोटीन तर पूर्ण वर्ज्य. कातडीतून रक्तात फार थोडं जातं. पण याच घराण्यातली पोटातून घ्यायची गोळी, आयसोट्रेटिनॉइन, गर्भाला गंभीर व्यंग करते, म्हणून क्रीमचाही धोका कोणी पत्करत नाही. मूल हवं असं ठरलं की आधीच डॉक्टरांना सांगा, अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडसारखे पर्याय आहेत.

कळायच्या आधी काही दिवस क्रीम लावली गेली असेल तर घाबरून जाऊ नका आणि कोणाच्या सांगण्यावरून भलता निर्णय घेऊ नका. क्रीम बंद करा, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा. नवी सून सासूसमोर हे बोलत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. काउंटरवर नुसतं ‘हे आत्ता चालेल का?’ एवढं विचारलं तरी आम्ही समजतो.

गोळीची गोष्ट वेगळी. ती घेताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये. उरलेल्या गोळ्या बहिणीला देऊ नका.

डॉक्टरांनी दुसरी एक जेलही दिलीय. दोन्ही कशाला?

बहुधा ती बेन्झॉयल पेरॉक्साइड किंवा क्लिन्डामायसिन असेल. ती जंतूंवर काम करतात, रेटिनॉइड छिद्रावर. क्लिन्डामायसिन नुसतं एकटं महिनोन्‌महिने लावलं तर जंतू त्याला जुमानेनासे होतात, म्हणून सोबत दुसरं देतात. ट्रेटिनॉइन आणि बेन्झॉयल पेरॉक्साइड एकावर एक लावू नका, पहिलं दुसऱ्यानं निकामी होतं. एक सकाळी, एक रात्री. अ‍ॅडापालीनला ही अडचण नाही, दोन्ही एकाच ट्यूबमध्येही मिळतात.

कुंदा खाल्ल्यानं मुरूम येतात का?

पाव्हण्यांसाठी आणलेल्या डब्यातला चमचाभर खाल्ल्यानं नाही. साखर आणि मैदा सतत पोटात जात असेल, दूध फार असेल, तर काहींचे मुरूम वाढतात असं दिसलंय. तळलेल्या-तिखटावर लोक उगीच खापर फोडतात. तालमीत, जिममध्ये जाणाऱ्या पोरांनी व्हे प्रोटीनच्या डब्याकडे मात्र बघावं, आणि ‘ताकदीचं इंजेक्शन’ घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. तसले मुरूम क्रीमला दाद देत नाहीत.

मी उद्यमबागेत मशीनवर असतो. दंडावर, मांड्यांवर पुटकुळ्या येतात.

कटिंग ऑइल आणि कूलंटनं भिजलेले कपडे दिवसभर अंगाला लागले की छिद्रं तुंबतात. तेलकट कपडे रोज बदला, शिफ्ट संपली की साबणानं अंघोळ, आणि तेलाचं फडकं खिशात खोचायची सवय सोडा. क्रीम त्यानंतर. कपाळावर येणाऱ्यांनी केसांचं तेलही तपासा, चोपडून लावलेलं खोबरेल रात्रभर कपाळावर उतरतं. सौंदत्तीला जाऊन आलात तर कपाळावरचा भंडारा रात्री धुऊन मगच क्रीम लावा.

आयब्रो, वॅक्सिंग करू शकते?

जिथं क्रीम लावता तिथं वॅक्सिंग नको, कातडी निघून येते. करायचंच असेल तर आठवडाभर आधी क्रीम बंद. दोऱ्यानं आयब्रो करताना वरच्या भागाला दोन-तीन दिवस क्रीम लावू नका.

मुलगा पीयूसीला (अकरावी-बारावीला) आहे. लहान आहे म्हणून थांबू का? वयानं जातात ना?

काहींचे जातात, पण जाताना खड्डे ठेवून जातात. अ‍ॅडापालीन बारा वर्षांपासून पुढच्यांना देतात, तेव्हा वयाची अडचण नाही. गाठी, पू, दुखणं असेल किंवा घरात कोणाला खड्ड्यांचे मुरूम झाले असतील तर परीक्षा संपायची वाट बघू नका. पोरगं वर्गात मान खाली घालून बसायला लागलं, फोटोला नको म्हणू लागलं, तर तेही कारण पुरेसं आहे.

मुलींमध्ये पाळी अनियमित, हनुवटीवर केस आणि जबड्यावर मुरूम असं एकत्र असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी आधी.

कुठं दाखवायचं? कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी इथं चालते का?

चालते. डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि औषधाचं नाव स्पष्ट असलं की झालं. चंदगड-गडहिंग्लजची चिठ्ठी रोज येते. बेळगावात सिव्हिलला, म्हणजे बिम्सला, आणि केएलईला त्वचा विभाग आहे. तालुक्याच्या दवाखान्यात त्वचेचा डॉक्टर असेलच असं नाही, आधी चौकशी करून निघा. कन्नड येत नाही म्हणून सरकारी दवाखाना टाळणारे बरेच आहेत. तिथं मराठी समजणारं कोणी ना कोणी भेटतं. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. भाषेची अडचण त्यानं निम्मी मिटते.

दुकानात, ऑनलाइन मिळणारं रेटिनॉल म्हणजे हेच का?

त्याच घराण्यातलं, पण कमजोर. कातडीत त्याचं दोन पायऱ्यांनी रूपांतर झाल्यावर ते कामाला लागतं. मुरुमांसाठी त्यावर पैसे घालवू नका, आणि औषधाच्या क्रीमसोबत तर अजिबात नको.

ट्यूब कुठं ठेवायची?

झाकण घट्ट लावून, उजेड आणि उष्णता लागणार नाही अशा कपाटात. ट्रेटिनॉइन उजेडानं बिघडतं, म्हणून खिडकीत किंवा न्हाणीघराच्या कट्ट्यावर नको. सोबत बेन्झॉयल पेरॉक्साइड असेल तर उशीला जुना पांढरा अभ्रा घाला आणि तोंड पुसायला पांढराच टॉवेल घ्या. रंगीत कापडावर त्याचे फिक्कट डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत.